आधी चुना, मग सोलर

परभणीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"बाई, सप्रेम नमस्कार. परभणीत आमचं २००९ सालचं स्लॅबचं घर आहे, वर मजला नाही. घरात मी, हे, दहावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दीर-जाऊ राहतात, त्यांचं मीटर वेगळं. आमच्या मीटरवर अजून सासऱ्यांचंच नाव आहे, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. ह्यांच्या पगाराचा फरक मिळाला, अडीच लाख हातात आहेत. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, पाच किलोवॅटचं सोलर बसवा, दोन एसी घ्या, बिल शून्यावर येईल. ज्यांनी कोटेशन दिलं ते म्हणतात, लाईट गेली तरी तुमचं घर चालू राहील. सासूबाई म्हणतात, 'आमचा जन्म माळवदाखाली गेला, कुठं होता एसी? पोरीच्या शिक्षणाला ठेवा पैसे.' पण मागच्या मे महिन्यात त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती, दोनदा सलाईन लावावं लागलं. त्यांची खोली मावळतीच्या बाजूला आहे. कूलर दोन आहेत, पण नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि एप्रिलनंतर बोअर गुळण्या टाकतं. शेजारी म्हणतात गरम पाण्याचं सोलरही घेऊन टाका. वर्षभराची बिलं आणि घरातल्या वस्तूंची यादी सोबत जोडली आहे. आधी काय घ्यावं?"

ताई, बिलं जोडलीत हे फार बरं केलंत. एरवी लोक पत्रात "बिल खूप येतं" एवढंच लिहितात, आणि खूप म्हणजे किती ते मला स्वप्नात बघावं लागतं. तुमच्या बिलांवरचे रुपये मी सोडून दिले आणि युनिटं एका कागदावर उतरवून काढली. मे महिन्यात ५०२, डिसेंबरात १९८, आणि बारा महिन्यांची बेरीज ३,६४०. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या तीन आकड्यांतच आहे. पण त्याआधी सासूबाईंकडे येते, कारण त्यांचं बोलणं तुमच्या घरात कुणी नीट ऐकलेलं दिसत नाही.

माळवदाखाली जन्म गेला असं त्या म्हणतात, तेव्हा त्या नुसता जुना काळ आळवत नाहीत. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर किलचणाचा, म्हणजे लाकडी फळकुटांचा थर आणि त्यावर वीतभर पांढरी माती. दिवसभराचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसं अंगणात बाजा टाकून झोपलेली असायची. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यात माणसं मेली ती दगडमातीच्या भिंतींखाली आणि त्याच माळवदाखाली. त्यानंतर आपल्या भागात मातीच्या छताखाली झोपायची छातीच कुणाला उरली नाही. जो तो स्लॅबकडे वळला, आणि बरोबरच वळला. फक्त स्लॅब टाकताना माळवदाचा दुसरा गुण आपण विसरलो. चार-पाच इंचांचा उघडा काँक्रीट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातपासून ते खाली खोलीत ओतायला लागतो. वरून पंखा फिरतो, तो स्लॅबखालची तीच गरम हवा अंगावर आणून टाकतो. सासूबाईंची खोली मावळतीला, म्हणजे चारनंतरचं ऊन भिंतीवर वेगळंच. वाढत्या वयात घाम कमी येतो, तहानही कमी लागते, त्यामुळे शरीराला स्वतःहून गार होता येत नाही. हवाच चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा अशा माणसाला गार करत नाही, उलट तापवू शकतो. दोन सलाईनी लागल्या त्या अशाच. तेव्हा एसी चैनीचा की गरजेचा हा वाद तुमच्या घरापुरता मिटला असं समजा. एक खोली गार करायची आहे, आणि ती त्यांची.

पण तिथंही सुरुवात एसीपासून नको. याच रविवारी स्लॅब झाडून काढा आणि चुन्याचे दोन हात मारा. चुन्यात थोडा फेव्हिकॉल किंवा डिंक घातला तर पहिल्या वळवात धुऊन जात नाही. आदल्या रात्री चुनकळी भिजवून ठेवा, सकाळी गाळा, आणि ऊन चढायच्या आत उरका. स्लॅबला भेगा असतील तर आधी त्या भरा. बाजारात छतासाठीचे पांढरे रंग डब्यात मिळतात, ते जास्त टिकतात, पण चुन्याच्या कितीतरी पट महाग. मी लातूरला माझ्या घरी दर होळीनंतर चुनाच मारते. दुपारी तीन वाजता चुना मारलेल्या भागावर अनवाणी उभं राहता येतं, आणि पाण्याच्या टाकीमागचा हात न पोहोचलेला तुकडा आहे, तिथं दोन पावलंही टाकवत नाहीत. हा प्रयोग मी शाळेत असताना सातवीच्या मुलांना गच्चीवर नेऊन करून दाखवायचे. दोघांनी पाय भाजून घेतल्यावर मुख्याध्यापकांनी बंद करायला लावला.

मावळतीच्या भिंतीला बाहेरून चार फुटांवर हिरवी शेडनेट बांधा. खिडकीला आतून पडदा लावतात त्यापेक्षा बाहेरून कांबट किंवा वाळ्याची ताटी लावलेली बरी. ऊन काचेतून आत आलं की मग पडद्याला अडवण्यासारखं फारसं उरत नाही.

आता पंखे. यावर जरा थांबते, कारण पूर्ण पत्रात पंख्यांचं नावही नाही, आणि पैसा तिथंच आहे. तुमच्या यादीत पाच पंखे आहेत, सगळे घर बांधलं तेव्हाचे. असला पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट ओढतो. आता बीएलडीसी मोटरचे पंखे येतात, ते तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतात. पंख्यामागे ४५ वॅटची बचत धरू. मे महिन्यात तुमच्याकडे पंखे सोळा तास तरी फिरत असणार. पाच गुणिले पंचेचाळीस गुणिले सोळा म्हणजे रोजची साडेतीन युनिटं, महिन्याची शंभरावर. आता हे बघा : आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, महिन्याची एकशेवीस. म्हणजे पाच पंखे बदलणं हे उन्हाळ्यात जवळजवळ एक किलोवॅटचं सोलर बसवल्यासारखं आहे. पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो, पाचांचे पंधरा हजार. ना अनुदानाचा अर्ज, ना कुणाची तपासणी. गल्लीतला वायरमन दोन तासांत लावून देतो.

पंख्यांचा दुसरा फायदा रात्री लाईट गेली की कळेल. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी. ती चांगल्या अवस्थेत असेल तर तिच्यातून बाराशे वॅटतासांच्या आसपास वीज हाती लागते. जुने पाचही पंखे चालू असतील तर ती तीन-सव्वातीन तासांत बसते. नव्या पंख्यांवर तीच बॅटरी सहा-सात तास ओढेल. नवी बॅटरी घ्यायची नाही, काही नाही. एक सांभाळा : हे पंखे रिमोटवर चालतात. जुना रेग्युलेटर बोर्डावर तसाच ठेवून त्यावर पंखा चालवला तर आतली सर्किट जाते. रेग्युलेटर काढून टाकायला सांगा. आणि सासूबाईंना रिमोट सापडणार नाही, तेव्हा त्यांच्या खोलीत बटनावर वेग बदलणारा प्रकार घ्या. बटन बंद करून पुन्हा लावलं की वेग बदलतो असे पंखे मिळतात.

तुमचा फ्रीज घराइतकाच जुना आहे. दाराचं रबर शंभराच्या नोटेनं तपासा. नोट दारात धरून दार लावायचं, ती सहज ओढून निघाली तर फ्रीज रात्रंदिवस बाहेरची हवा गार करतोय. रबर बदलून भागलं तर उत्तम. नवा घेणार असाल तर लेबलावर नुसते तारे मोजू नका, वर्षाला किती युनिटं लागतील तो आकडा छापलेला असतो, तो वाचा, आणि लेबल कोणत्या सालापर्यंतचं आहे तेही बघा. ऊर्जा दक्षता ब्युरो निकष मधूनमधून कडक करतो, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे नव्या सालात चारावर किंवा तिनावर येतात. दुकानदार जुना माल "फाइव्ह स्टार" म्हणूनच खपवतो. आणि नवा आल्यावर जुना फ्रीज कृपा करून ओसरीत "पाण्याच्या बाटल्यांपुरता" चालू ठेवू नका. मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत हा दुसरा फ्रीज असतो, आणि त्याच्या शेजारी माठ रिकामा पालथा पडलेला असतो.

कूलर की एसी हा प्रश्न पुण्याच्या मुलाला जितका सोपा वाटतो तितका आपल्याकडे नाही. कोरड्या हवेत कूलरसारखं दुसरं यंत्र नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली जवळजवळ पाऊण युनिटाइतकी उष्णता घेऊन जातं, आणि कूलरची मोटर ओढते फक्त दोनशे वॅट. एप्रिल-मेमध्ये परभणीच्या हवेत ओल नसते, तेव्हा हा सौदा फार स्वस्त आहे. फक्त तो विजेऐवजी पाण्यात चुकता करावा लागतो. रात्रभराला एका मोठ्या कूलरला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं, म्हणजे चार घागरी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या लातूरच्या घरी दोन्ही कूलर ओसरीत कोरडे पडून होते, त्यांच्यावर आम्ही कपडे वाळत घालत होतो. तुमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी असेल आणि बोअर एप्रिलनंतर गुळण्या टाकत असेल, तर सासूबाईंची झोप कूलरच्या भरवशावर सोडता येणार नाही. शिवाय जूनमध्ये हवेत ओल आली की कूलर नुसता चिकचिक करतो, आणि पाऊस लांबला की तेच दिवस सगळ्यात वाईट असतात.

म्हणून एक एसी. दोन नाहीत, एकच, सासूबाईंच्या खोलीत, एक टनाचा, पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर. खोली दहा बाय बाराची लिहिली आहे, तिला दीड टन लागत नाही. "स्लॅबचं घर आहे, दीडच घ्या" असं दुकानात हमखास सांगतात. तुम्ही चुना मारलेला असणार, तेव्हा ऐकू नका. एसीच्या लेबलावरची युनिटं वर्षाला १,६०० तास धरून छापलेली असतात, तुमचा वापर त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर राहील. रात्रीचे आठ तास चालला तर रोजची पाच-सहा युनिटं धरा. जानेवारी २०२० पासूनचे एसी चालू केले की २४ अंशांवर सुरू होतात. तुम्ही तो २७ वर ठेवा आणि सोबत नवा पंखा हळू लावा. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. सासूबाईंना गुडघ्यांमुळेही २७ च बरं वाटेल. मुलीला अभ्यासाला त्याच खोलीत बसू द्या. दहावीची पोर आणि आजी एका खोलीत असल्या तर एसीचा खर्च दोघींच्या नावावर पडतो, आणि आजीची "पोरीच्या शिक्षणाला ठेवा" ही तक्रारही आपोआप पडते.

एसीसाठी मीटरपासून वेगळी लाईन ओढून घ्या, तांब्याची चार चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. २००९ च्या वायरिंगवर प्लग जोडून चालवू नका. आणि अर्थिंग तपासा. आपल्याकडे घर बांधताना पुरलेली अर्थिंगची पट्टी मे महिन्यात कोरड्या मुरमात नुसती नावाला असते. वायरमनला मीटर लावून मोजून दाखवायला सांगा.

आता सोलर. मी सोलरच्या विरोधात नाही, उलट तुम्ही बसवाच. पण पाच किलोवॅट का, याचं उत्तर मुलाला विचारा. तो बहुतेक म्हणेल, "अनुदान मिळतंय, मग मोठंच घेऊ." पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे काही नाही. तीनचं घ्या, पाचचं घ्या की दहाचं, ७८,००० च्या वर एक रुपया मिळत नाही. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातला.

बरं, पाच किलोवॅटचं वर्षाला सात हजार युनिटांवर जातं. तुमची गरज किती? ३,६४० मधून पंख्यांची आठशे वजा करा, नवा फ्रीज आला तर आणखी तीनशे, आणि एसीची तीन महिन्यांची पाचशे मिळवा. एक कूलर बंद होईल ते दोनशे वजा. तीन हजारांच्या आत येता. दोन किलोवॅट वर्षाला अठ्ठावीसशे-एकोणतीसशे देतं. हिशेब तिथंच बसतो. कंपन्यांप्रमाणे दर बदलतो, पण दोन किलोवॅटचं काम सव्वा लाखाच्या आसपास होतं, त्यातले ६०,००० अनुदान म्हणून परत येतात.

जास्तीची वीज महावितरणला विकू, असं मुलाच्या मनात असेल. नेट मीटरिंगमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या. दिवसा तुमच्या गच्चीवर जास्तीची झाली ती वीज लाईनवर जाते, रात्री तुम्ही लाईनवरून घेता, आणि महिन्याअखेर दोन्हींची वजाबाकी होते. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. मार्चअखेर खातं बंद होतं, आणि शिल्लक युनिटांचे जे पैसे मिळतात ते तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा फारच कमी असतात. गंमत बघा : हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र उन्हात तुम्ही युनिटं साठवणार, आणि एप्रिलची झळ सुरू व्हायच्या तोंडावर ती साठवण पुसली जाणार. दिल्लीत कुठं मार्च संपतो आणि परभणीत कुठं उन्हाळा सुरू होतो, याचा मेळ कुणी घातलेला नाही. म्हणून मे महिन्याचं बिल डोळ्यांसमोर ठेवून मोठं सोलर घ्यायचं नसतं, वर्षाच्या बेरजेवर घ्यायचं असतं.

बिल शून्य येईल हेही पुरतं खरं नाही. स्थिर आकार तुमच्या गच्चीवर कितीही ऊन पडलं तरी लागतोच. पण महावितरणचा दर युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, आणि त्याच्यापुढे सगळ्यात महाग. तुमचं मे महिन्याचं ५०२ हे अगदी त्या शेवटच्या टप्प्याच्या उंबऱ्यावर होतं. पंखे आणि दोन किलोवॅट मिळून तुम्ही वरचे दोन टप्पे विसरूनच जाल.

ज्यांनी "लाईट गेली तरी घर चालू राहील" म्हणून सांगितलं, त्यांना एवढंच विचारा : "बॅटरीसकट का बॅटरीशिवाय?" तुम्ही कोटेशनची जी झेरॉक्स जोडली आहे तिच्यात बॅटरी नाही. ते ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर आहे. लाईनवरची लाईट गेली की त्याचा इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद पडतो, भर दुपारी बारा वाजता, वर लख्ख ऊन असताना. तो बिघाड नाही, तो मुद्दामच तसा केलेला असतो. तसं नसतं तर खांबावर चढलेला वायरमन मुख्य लाईन बंद आहे असं समजून तार धरेल, आणि तुमच्या गच्चीवरची वीज उलटी त्याच्या हातात जाईल. बॅटरीसह हायब्रिड सोलरही मिळतं, पण त्याची किंमत बरीच वर जाते आणि काही वर्षांनी बॅटरीचा खर्च पुन्हा असतोच. तुमच्याकडे बॅटरीचा इन्व्हर्टर आहेच, नवे पंखे आले की रात्र निघेल. त्यासाठी लाखभर जास्तीचे घालू नका. कोटेशनवाल्याला खोटारडा मी म्हणणार नाही, कदाचित त्यालाही कुणी समजावलेलं नसेल. पण त्यानं जे तोंडी सांगितलं ते कोटेशनवर लिहून मागा, उत्तर आपोआप मिळेल.

कोटेशनमध्ये आणखी बघा : पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. बसवणारा योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं, "आम्ही वजा करूनच देतो" म्हणणाऱ्याकडे जरा निरखून बघा. वीजरोधक आणि वेगळ्या अर्थिंगचा उल्लेख हवाच. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. गारांची भीती मात्र फार नको. २०१४ च्या गारपिटीनंतर सगळेच धास्तावले आहेत, पण पॅनेलच्या काचेवर कारखान्यातच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करून बघतात. हरभऱ्याएवढ्या गारांना ती दाद देत नाही. लिंबाएवढ्या पडल्या तर मात्र पॅनेलच काय, कौलंही राहत नाहीत, म्हणून विमा विचारून ठेवा.

पॅनेल कुठं बसवायचे, याची फिकीर मला जास्त आहे. दोन किलोवॅटला सुमारे दोनशे चौरस फूट जागा लागते. ती सासूबाईंच्या खोलीवरची आणि तिला लागून असलेली घ्या. तोंड दक्षिणेला, उतार सोळा-अठरा अंशांचा, आणि पॅनेलखालून वारा खेळेल एवढा उंच लोखंडी सांगाडा. असं केलं की दुपारचं ऊन त्या स्लॅबवर पडायच्या आधी पॅनेल झेलतं. वीज तयार होतेच, शिवाय खाली खोलीला आयतं छप्पर. एसीलाही तेवढं कमी राबावं लागतं. कोटेशनवाल्यानं नकाशात पॅनेल स्वयंपाकघरावर दाखवलेत, कारण तिथून मीटरला वायर कमी लागते. दहा मीटर वायरचे पैसे द्या आणि जागा बदलून घ्या. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, काच गार असताना मऊ फडक्यानं धूळ पुसा. फिल्टरचं वाया जाणारं पाणी त्यासाठी वापरू नका. त्यात क्षार जास्त असतात, काचेवर पांढरे डाग धरतात.

आता अवघड गोष्ट. मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे. सोलरचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान त्या नावाच्या खात्यात जातं, तेव्हा आधी मीटरचं नाव बदला. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराची कागदं. वारसांच्या संमतीत तुमच्या दिरांची सही येणार. आणि स्लॅब दोघांचा आहे. सोलर वीस-पंचवीस वर्षांसाठी गच्चीवर बसतं. उद्या दिरांना वर मजला चढवायचा असला तर? तेव्हा पॅनेल काढायचं कुणी, पैसे कुणी द्यायचे? हे आज चहा पिताना बोलायचं, नंतर भांडताना नाही. शक्य असेल तर दोघा भावांनी मिळून ठरवा की ही बाजू तुमची, ती त्यांची, आणि तसं स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवा. कागद केला म्हणून नातं तुटत नाही. न केल्यानं तुटलेली मात्र मी आमच्या गल्लीत तीन घरं पाहिली आहेत. एका मीटरची वीज दुसऱ्या घरात ओढायची युक्ती कुणी सुचवली तर नाही म्हणा. तो नियमभंग आहे आणि पकडले गेलात की दंड होतो. दिरांनाही हवं असेल तर त्यांच्या मीटरवर त्यांचं एक किलोवॅट, त्यांचे स्वतःचे ३०,००० अनुदान. त्यात तुमचा सल्ला चालेल, तुमची तार नाही.

गरम पाण्याच्या सोलरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझेच पैसे गेले आहेत. आमच्या बोअरचं पाणी जड. २०१२ साली दुकानदाराच्या सांगण्यावरून काचेच्या नळ्यांचं सोलर गच्चीवर चढवलं. तिसऱ्या हिवाळ्यात टाकीतून पाणी येईना. उघडून बघितलं तर नळ्यांत आणि पाईपात क्षारांची अशी पुटं, जसा जुन्या किटलीत थर बसतो. दुकानदार म्हणाला, "पाणी तुमचं खराब, सोलर चांगलं आहे." खरं तेच होतं, पण ते त्यानं विकताना सांगायला हवं होतं. तुमचं पाणीही बोअरचंच. परभणीत गरम पाणी लागतं तीन महिने, आणि ते हिवाळ्यातलं निम्मं काम बंबानंही होतं. राहू द्या. सोलरची वीज जमा होत असेल तर गिझर तिच्यावरच लावा, फक्त वीस मिनिटांत बंद करायचं लक्षात ठेवा.

पैशांचा हिशेब मी कागदावर मांडला. चुना, शेडनेट, ताटी मिळून पाच हजारांच्या आत. पंखे पंधरा. एसी लाईन-अर्थिंगसह पन्नास. दोन किलोवॅटचं सोलर सव्वा लाख. झाले १,९५,०००, आणि पुढे अनुदानाचे ६०,००० परत. फ्रीजचं रबर बदलून भागलं तर लाखाच्या वर रक्कम शिल्लक राहते. ती सासूबाईंच्या हातात द्या आणि नातीच्या नावाची मुदत ठेव त्यांनाच करायला सांगा. बँकेत त्यांना सोबत घेऊन जा, सही त्यांची पाहिजे.

आज मार्चचा पहिला आठवडा आहे. मीटरचं नाव बदलायला आणि सोलरच्या अर्जाला महिना-दीड महिना जाईल, त्यामुळे पॅनेल चढतील ते उन्हाळा निम्मा उलटल्यावर. पंखे आणि एसी या महिन्यात होऊ शकतात. चुनकळी शनिवारी संध्याकाळी भिजत घाला. आणि सकाळी सहाला व रात्री दहाला मीटरचा आकडा आठवडाभर वहीत लिहा, ते काम पोरीला द्या. आकडे मला पाठवा, मग एसी घेण्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल का, ते बघू.